चोरीस गेलेली विहीर



मागील महिन्यात एका रविवारी सायंकाळी येथील, म्हणजे बाजारहत्नूरच्या, एका कुटुंबाने मला जेवावयास बोलाविले होते. जेवणे आटोपल्यावर घरातील नातवाने चित्रपटाची एक तबकडी काढली. बाजारात जुन्या डीव्हीडींच्या ढिगात ती त्यास स्वस्तात मिळाली होती. हल्ली तरुण मंडळी सिनेमा ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाहतात. परंतु त्या घरी जुने यंत्र अद्याप चालते, आणि सर्वांनी मिळून पाहण्याची रीतही टिकून आहे. बोलपट होता श्याम बेनेगल यांचा 2010 साली प्रदर्शित झालेला ‘वेल डन अब्बा’.

मी मोठ्या अपेक्षेने बसलो. बेनेगल हे आपल्याच मुलखाचे. 1934 साली सिकंदराबादजवळच्या तिरमलगिरीस त्यांचा जन्म झाला. डिसेंबर 2024 मध्ये ते निवर्तले. त्यांचे ‘अंकुर’ (1974) व ‘निशांत’ (1975) हे दोन्ही बोलपट तेलंगणातील जमीनदारीवरचे, आणि ‘निशांत’ची पटकथा तर आपल्या विजय तेंडुलकरांची. ‘वेल डन अब्बा’लाही राष्ट्रीय पुरस्कार लाभलेला आहे. शिवाय त्यातील माणसे जी दख्खनी हिंदी बोलतात ती आपल्या कानांना परकी नाही.

कथा थोडक्यात अशी. अरमान अली हा मुंबईस मोटार हाकणारा गरीब गृहस्थ मुलीच्या, मुस्कानच्या, विवाहाची जुळवाजुळव करण्यासाठी आपल्या गावी, चिकटपल्लीस, येतो. दारिद्र्यरेषेखालील लोकांस सरकार विहीर देते असे कळल्यावर तो अर्ज करतो. मग ज्या टेबलापुढे जावे तेथे वाटा द्यावा लागतो. अखेरीस पैसा संपतो आणि जमीन कोरडीच राहते. मात्र सरकारी कागदावर विहीर पूर्ण होते. तेव्हा हुशार मुस्कान युक्ती काढते. विहीर कागदोपत्री आहे आणि शेतात नाही, त्या अर्थी ती चोरीस गेली! बापलेक तशी फिर्याद गुदरतात.

कल्पना किती नामी आहे! खोट्या कागदाशी भांडत न बसता त्यालाच खरे मानावयाचे आणि कागद लिहिणाऱ्यास कोंडीत धरावयाचे. येथवर मीही मनापासून हसलो. बोमन इराणी यांनी अरमान व त्याचा जुळा भाऊ अशा दोन्ही भूमिका सुरेख वठविल्या आहेत.

परंतु पुढे माझी निराशा झाली. मुस्कान आणि आरिफ नावाचा मेकॅनिक यांच्या प्रेमाचा धागा मुख्य कथेला कोठेच घट्ट बांधलेला नाही. विहिरीची गोष्ट रंगात आली की मध्येच तो डोकावतो, जणू दोन निराळ्या बोलपटांचे तुकडे एकत्र जोडले आहेत. लाचखोर इंजिनियर आणि त्याची पत्नी यांच्या शृंगारिक थट्टेचे प्रसंग तर मुलाबाळांसमवेत पाहताना नातवास यंत्र पुढे पळवावे लागले.

तथापि खरा दोष याहून खोल आहे. ह्या बोलपटात लाच खाणारा प्रत्येक माणूस विदूषक आहे. ज्यास आपण विदूषक म्हणून हसतो, त्याचा आपणांस राग येत नाही. शेवट गोड होतो, आणि प्रेक्षक सर्वांना क्षमा करून उठतो. विनोदपटाने हसवावेच, त्यात गैर काय, असे कोणी विचारील. गैर काहीच नाही. परंतु थट्टा आणि संताप एकत्र नांदू शकतात, हे डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ने 1975 सालीच दाखविले. त्यातील मद्यपी मास्तर एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो आणि साखरसम्राटाचे हसू हळूहळू मावळत जाते. बेनेगलांच्या ‘अंकुर’च्या अखेरीस एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. तो दगड पाहणाऱ्याच्या मनात वर्षानुवर्षे राहतो. ‘वेल डन अब्बा’मध्ये तसा दगड नाही.

त्या सायंकाळी घरातील आजोबा मात्र एकदाही हसले नाहीत. सर्वजण उठल्यावर ते ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले व म्हणाले, “फादर, आमच्या वावरातली विहीर बी अशीच हाय. कागदावर. पैसे म्या दिले, अन् काम झालं म्हणून अंगठा बी म्याच दिला. आता चोरी झाली म्हणून कोणाच्या तोंडानं सांगू?”

वाचकहो, बोलपटाने जे सोडून दिले ते या वृद्धाने एका वाक्यात सांगितले. अरमान अलीदेखील वाटा देतो, परंतु त्याची बोच आपणांस फारशी लागू दिली जात नाही. कागदावरच्या विहिरीस दोघांचे हात लागतात: एक घेणाऱ्याचा आणि दुसरा, भीतीने वा गरजेने, देणाऱ्याचा. देणाऱ्याच्या मनातील लाज हीच घेणाऱ्याची सर्वांत भक्कम ढाल असते. आपलाही अंगठा आहे म्हणून आपण गप्प बसतो, आणि तो पुढील घराकडे वळतो.

मी आजोबांस जे सांगितले ते येथे सर्वांसाठी लिहितो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कोणासही आपल्या कामाच्या कागदांची नक्कल मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास त्यासाठी फी नाही, आणि साधारणतः 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयास बंधनकारक आहे. अनुदानाच्या योजनांत कोणास किती लाभ मिळाला, हे तर कोणी न मागताही कार्यालयाने प्रसिद्ध करावयाचे असते. 2018 पासून लाच देणे हाही गुन्हा ठरला आहे. परंतु ज्यास ती सक्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांस वा लाचलुचपत खात्यास कळविले तर कायदा त्यास दोषी धरीत नाही. म्हणून मागणी झाली की घरी येऊन कुढत बसू नये. त्याच आठवड्यात तोंड उघडावे.

आजोबांचा व्यवहार याच्या कितीतरी आधीचा. त्यांचे पैसे परत येतील असे मी त्यांस म्हटले नाही, कारण ते मला ठाऊक नाही. परंतु दुसऱ्याच दिवशी नातवाने वहीचे पान फाडून अर्ज लिहिला: आमच्या नावावरील विहिरीचा मंजुरीचा हुकूम, खर्चाचा हिशेब आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या नकला मिळाव्यात. आजोबांनी तो दोनदा वाचून घेतला आणि खाली अंगठा उमटविला. “ह्यो अंगठा खरा हाय,” एवढेच ते म्हणाले.

बोलपट पाहावा की न पाहावा? एकदा अवश्य पाहावा, वडीलधाऱ्यांनी सोबत बसून, आणि मधले प्रसंग गाळून. परंतु हसून झाल्यावर दिवा मालवण्यापूर्वी घरात एकमेकांस विचारावे: आपली कोणती विहीर कागदावर आहे?