खेळाडूचा गुडघा, संघाचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेत उभा राहून धावत येणाऱ्यांच्या अंगावर झेपावणारा खेळाडू. मोठ्या पगाराचा असा खेळाडू जायबंदी झाला, की संघ त्याला ठेवणार की सोडणार, याची तिथे जोरात चर्चा होते. निकाल डॉक्टरांच्या हाती असेल, असं आपल्याला वाटतं. जेलन स्मिथचं प्रकरण पाहिलं, तर हा समज टिकत नाही.

1 जानेवारी 2016 रोजी विद्यापीठाच्या संघाकडून खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले. ते शस्त्रक्रियेनं दुरुस्त करता येतात. खरी भीती होती पेरोनियल नावाच्या मज्जातंतूची. तो गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं, नडगीशेजारच्या बारीक हाडाला वळसा घालून कातडीच्या अगदी खालून जातो. तो ताणला गेला, की पाऊल वर उचलता येत नाही, चालताना पंजा लोंबतो. कुष्ठरोगातही याच मज्जातंतूला इजा होऊन पाऊल पडतं. तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांनाही कधीकधी हा त्रास होतो. मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तोवर संदेशाविना पडलेला स्नायू वाळत जातो. फार उशीर झाला, तर तंतू पोहोचूनही उपयोग नसतो.

दुखापतीपूर्वी स्मिथ पहिल्या काही खेळाडूंत निवडला जाईल, असा अंदाज होता. डॅलस काउबॉइजनं त्याला 34व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन काउबॉइजचेच संघ-डॉक्टर होते. यांच्या माणसानं गुडघा आतून पाहिला होता. 2016 चा हंगाम त्यानं बसून काढला. 2017 मध्ये पावलाला आधार देणारा पट्टा लावून तो उतरला आणि पुढच्या चार हंगामांत त्यानं एकही सामना चुकवला नाही. 2019 मध्ये त्याला 5 वर्षांसाठी 6.4 कोटी डॉलरचा करार मिळाला.

ऑक्टोबर 2021 मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, काउबॉइजनं त्याला सोडलं. त्याचा खेळ घसरला होता, तरुण खेळाडू आले होते, हे खरंच. पण करारात एक मेख होती. 2022 चा 92 लाख डॉलरचा पगार फक्त दुखापतीपुरता हमीचा होता. गंभीर दुखापत झाली तर पैसे द्यावे लागणार, धडधाकट असताना सोडलं तर तो पगार वाचणार. म्हणजे तो मैदानात उतरेल त्या प्रत्येक सामन्यात धोका संघाच्या तिजोरीला. आजाऱ्याच्या संरक्षणासाठी घातलेलं कलम असं निरोग्याच्या मुळावर येतं. माझ्या मते अशी अर्धी हमी देऊच नये. द्यायची तर पूर्ण द्यावी.

डॉक्टरांचा प्रश्न मला याहून मोठा वाटतो. संघाच्या खर्चानं दुसरा वैद्यकीय सल्ला घेण्याचा आणि सर्जन निवडण्याचा हक्क तिथल्या खेळाडूंना आहे, ही चांगली गोष्ट. तरी रोजच्या तपासण्या संघानं नेमलेल्या डॉक्टरांकडूनच होतात. लाखो डॉलर अवलंबून असलेला असा अभिप्राय देणाऱ्याचं मानधन लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या सामायिक निधीतून यावं. त्यासाठी डॉक्टर अप्रामाणिक असावा लागत नाही. आपला कारखाना-डॉक्टर ‘कामावर जायला हरकत नाही’ असं लिहितो, तेव्हा कामगाराच्या मनात येणारी शंका इथेही लागू पडते.

काउबॉइजनंतर पॅकर्सनं आणि मग जायंट्सनं स्मिथला घेतलं. 2022 च्या हंगामातही तो जायंट्सकडून खेळत होता.