नंबर चालतो, कोड येत नाही

अमेरिकेतली नोकरी आटोपून पुण्याला परतलेल्या एका कुटुंबाची या आठवड्यात भलतीच कोंडी झाली. निघताना त्यांनी तिथला मोबाइल नंबर वीस डॉलर भरून गुगल व्हॉइसवर हलवला होता. तिथल्या बँकेत थोडे पैसे आहेत, टॅक्सची कामं बाकी आहेत, म्हणून नंबर चालू राहायला हवा होता. तसा तो राहिलाही. जुन्या शेजारणीचे मेसेज येतात, दातांच्या दवाखान्याचा व्हॉइसमेल येतो. येत नाही तो फक्त बँकेचा सहा आकडी कोड. ग्राहकसेवेचं म्हणणं असं, की हा इंटरनेटचा नंबर आहे, खरा मोबाइल नंबर द्या. याच आकड्यांवर बँक इतकी वर्षं कोड पाठवत होती! बरं, पुण्याचा नंबर द्यावा, तर भारतातला नंबर तिला चालत नाही.

गुगल व्हॉइस ही सेवा मूळची ग्रँडसेंट्रल या 2005 साली स्थापन झालेल्या कंपनीची, 2007 मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि 2009 मध्ये सेवेला आजचं नाव मिळालं. नंबर एकच, तो हव्या त्या फोनवर वाजतो. उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड होतो आणि त्याचा मजकूर मेलवर येतो.

आपल्याकडे व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. मिस्ड कॉल दिला की काम झालं. त्यामुळे निरोपाच्या या पेटीची किंमत आपल्याला सहसा कळत नाही. ती कळायची तर अमेरिकेतल्या बेघर माणसांकडे बघावं लागतं.

सिएटलमध्ये 1991 साली कम्युनिटी व्हॉइसमेल हा उपक्रम सुरू झाला. घर नाही, फोन नाही, अशा माणसाला स्वतःचा नंबर द्यायचा, एवढंच त्याचं काम होतं. नोकरीच्या अर्जावर निवाऱ्याचा फोन लिहिला, की पलीकडून निवाऱ्याचं नाव ऐकू येई आणि मालक तिथेच फोन ठेवून देई. स्वतःच्या व्हॉइसमेलवर मात्र उमेदवाराच्याच आवाजातलं स्वागत असे. मुलाखतीचा निरोप तिथे थांबून राही, तो सार्वजनिक फोनवरून ऐकता येई. पुढे 2006 मध्ये ग्रँडसेंट्रलने सॅन फ्रान्सिस्कोत हेच केलं आणि 2008 मध्ये गुगलनेही शहरातल्या बेघरांना असे नंबर देऊ केले. नोकरी, डॉक्टर, दुरावलेली बहीण, सगळ्यांना सापडण्याची एकच जागा. मोबाइलचं बिल थकलं, हँडसेट चोरीला गेला, तरी ती जागा हलत नाही.

आणि नेमका असाच नंबर बँकांना संशयास्पद वाटतो. त्यांची भीती निराधार नाही. इंटरनेटवरचे नंबर स्वस्तात, झटपट मिळतात आणि भामटे त्यांचा भरपूर वापर करतात. पण कंपनीच्या दुकानातलं सिमही भामटे दुसऱ्याच्या नावावर काढतात, त्यापायी सगळे मोबाइल कोणी बाद केलेले नाहीत. वर्षानुवर्षांचा ग्राहक आणि काल उघडलेलं खातं यांत फरक करणं बँकेला जमायला हवं. नसेल जमत, तर कोड दाखवणारं ॲप वापरू द्यावं. त्याला मुळात फोन नंबर लागतच नाही, आणि काही बँका ते देतातही. पुण्याच्या या कुटुंबाने तेच मागणारं पत्र बँकेला पाठवलं आहे.