पटावर एकच नाव

वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची लोकसंख्या अवघी दीडशे. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर एकच विद्यार्थी होता. त्याच्यासाठी एक शिक्षक रोज बारा किलोमीटरवरून येत, सगळे विषय शिकवीत. दुपारचे जेवणही शाळेतच मिळे. अनेकांनी ही बातमी नवल म्हणून वाचली. आम्हांला त्यात नवल वाटले नाही. शाळा अशीच असायला हवी.

त्याच वर्षी सप्टेंबरात शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून तोरणमाळ, पानशेतच्या धर्तीवर समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांतली मुले १,८५,४६७. एका वर्गात एकटे मूल बसते, त्याला सवंगडी नाहीत, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून सहा वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात घाटातून बसने न्यायचे? बस बंद पडली की मुलगी घरी बसते, आणि एकदा बसली की पुन्हा उठत नाही. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, असे शिक्षणहक्काचे नियम सांगतात.

रेल्वे-टपालातल्या आमच्या बांधवांना हा हिशेब नवा नाही. उत्पन्न नाही म्हणून शाखा डाकघर, प्रवासी नाहीत म्हणून छोटे स्टेशन! आधी काम कमी दाखवायचे, मग कायम माणूस काढून हॉल्ट एजंट नेमायचा, शेवटी कुलूप लावायचे. ग्रामीण डाक सेवक आयुष्यभर टपाल वाटतो, तरी कायम कर्मचाऱ्यांत त्याची गणना नाही. शाळेतही तेच झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर गेले. पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. हा लढा एकट्या शिक्षकांचा नव्हता, पण आपण त्यांच्या बाजूला किती उभे राहिलो, हे आपले आपण तपासावे.

आपल्यापैकी कित्येकांचे आईबाप, पुतणे, भाचे अजून अशाच वाड्यांवर आहेत. सुटीत गावी जाणाऱ्या सभासदांनी शाळा व्यवस्थापन समितीची गाठ घ्यावी. तिच्यात पाऊण सभासद पालक असतात. शाळा हलवण्याचा प्रस्ताव आहे का, असल्यास ग्रामसभेत मांडला का, हे विचारावे आणि विरोधाचा ठराव लेखी नोंदवून घ्यावा. ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवावी.