खाडीचे वादळ आणि तयार समुद्र

संगणकावर निसर्गचित्र उभारणाऱ्या प्रणालींमध्ये वादळी पाण्यासाठी जो तयार समुद्र मिळतो, तो बहुधा खोल, किनारा नसलेल्या महासागराचा असतो. जेरी टेसेनडॉर्फ यांनी रूढ केलेल्या पद्धतीत लाटांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या लांबीच्या लाटेत किती ऊर्जा असावी याचा सांख्यिकीय हिशेब, आधारास घेऊन असंख्य साध्या लाटांची फूरिये रूपांतराने बेरीज केली जाते. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मधील समुद्र याच वाटेने आला. मात्र रायगडमधील पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर आणि त्यापलीकडच्या खारेपाटाचे, म्हणजे खाडीकाठच्या खारवट सखल पट्ट्याचे, वादळ रंगवताना हाच समुद्र जसाच्या तसा वापरला, तर चित्र कितीही चकचकीत झाले तरी ते खोटे ठरते.

त्याचे मुख्य कारण वाऱ्याची धाव, म्हणजे वाऱ्याला अडथळ्याविना लाभणारे पाण्यावरचे अंतर, हे होय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. परंतु तेवढ्या वाऱ्यालाही खाडीत दोनच किलोमीटर धाव मिळाली, तर लाट मीटरभराच्या आतच राहते, तिची लांबी आठ-नऊ मीटरच्या पुढे फारशी जात नाही आणि दोन-अडीच सेकंदांनी पुढची लाट येऊन थडकते. म्हणून धाव विचारात घेणारा, १९७३ मध्ये उत्तर समुद्रातील मोजणीवरून मांडलेला जॉन्सवॅप वर्णपट येथे अधिक योग्य ठरतो. ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल, तर याच लाटा आखूड व उभ्या होतात, आणि वादळाचा भास उंचीपेक्षा या उभेपणातूनच अधिक येतो.

रंगाच्या बाबतीत तर तयार निळाई पूर्णपणे सोडून द्यावी. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने सरळ वरून पाहता जेमतेम दोन टक्के प्रकाश परावर्तित होतो, तिरप्या नजरेला मात्र आकाशच दिसते. पावसाळी खाडीत उरलेला प्रकाश गाळाचे कण लगेच मागे फेकतात, त्यामुळे पारदर्शकता जवळजवळ शून्य ठेवून मातकट करडा रंग पाण्याच्या अंगातच द्यावा लागतो. फेस शेवटी घालावा, मूर्तिशाळेत डोळ्यांची आखणी रंगकामानंतर होते तसा. आणि तो शुभ्र नसावा.

खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडते, म्हणजे भगदाड पडून खारे पाणी भातशेतात शिरते, तेथे मात्र वर्णपटाचा उपयोग संपतो. ती लाट नसून प्रवाह असतो, त्याला उतार, भोवरे आणि वाहून येणारी माती असते; म्हणून कण व जाळी यांच्या संयोगाने द्रवाची गती सोडवणारे खर्चिक अनुकरण केवळ त्या भगदाडापुरते चालवावे आणि शेतात पसरलेल्या उथळ पाण्यासाठी खोली सरासरीने धरणारी साधी समीकरणे वापरावीत. या दोहोंच्या सांध्यावर फेसाची घनता आणि गाळाचा रंग जुळवण्यास द्यावा लागणारा वेळ बहुतेक चित्रकार देत नाहीत, आणि नेमका तेथेच जाणता प्रेक्षक थबकतो.