पन्नास रुपयांचा कायदा

बैलाच्या मानेवर त्याला पेलणार नाही एवढं ओझं घातलं, लंगडणारा घोडा तसाच टांग्याला जुंपला, कुत्रं बांधून उपाशी ठेवलं किंवा लाथांनी तुडवलं, तर भारतात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा शाबीत झाला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 सालचा अधिनियम, कलम 11. मुंबईच्या लोकलमध्ये विनातिकीट सापडलं तर भाड्याशिवाय वर अडीचशे रुपये मोजावे लागतात.

म्हणून प्राण्यांना छळणाऱ्यांना न्यायालयं पुरेशी शिक्षा देतात का, असं कोणी विचारलं की मला न्यायदंडाधिकाऱ्याची कीव येते. हात सैल सोडून त्यानं पहिल्या गुन्ह्याला कायद्यातली सगळ्यात कडक शिक्षा दिली, तरी आरोपी कोर्टाबाहेरच्या टपरीवर जेवढे खर्च करील तेवढ्यात मोकळा. हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना विचारायला हवा. पण तो विचारला की ठरलेली उत्तरं तोंडावर फेकली जातात, तेव्हा आधी ती तपासू.

पहिलं उत्तर: माणसांनाच न्याय मिळत नाही, कुत्र्यामांजरांचं काय घेऊन बसलात? ऐकायला हे फार माणुसकीचं वाटतं. पण न वटलेल्या चेकांचे लाखो खटले देशभरच्या कोर्टांत तुंबले आहेत आणि ते आधी बाजूला सारा, खुनाचे खटले चालवू द्या, असं कोणी म्हणत नाही. रांगेतून बाहेर काढायचं ते नेमकं जनावरालाच. बरं, असं म्हणणारा गृहस्थ माणसांच्या न्यायासाठी काही करत असतो, असाही अनुभव नाही. मी स्वतः प्राणिप्रेमी वगैरे नाही. रात्री गल्लीतलं कुत्रं गुरगुरलं की मीही दगड उचलायला वाकल्यासारखं करतो. कुत्रं चावलेल्या पोराच्या बापाचा राग मला समजतो, आणि रेबीजनं माणसं मरतात तेव्हा ती बहुधा गरिबाघरचीच असतात, हेही दिसतं. पण त्या रागाचं उत्तर नसबंदी, लसीकरण आणि महापालिकेचा कामचुकारपणा यांत शोधायचं आहे. कुत्र्याला पोत्यात घालून झोडपणारा माणूस त्यातला कोणताच प्रश्न सोडवत नसतो.

दुसरं उत्तर जाणकारांचं: कायदा जुना आहे, त्या काळी पन्नास रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. होती खरी, दहा ग्रॅम सोनं तेव्हा शंभर-सव्वाशे रुपयांना मिळे. पण त्याच अधिनियमाचं पुढचंच कलम वाचा. गाई-म्हशीनं जास्त दूध द्यावं म्हणून तिच्या योनिमार्गात हवा फुंकण्याचा जो किळसवाणा ‘फुका’ नावाचा प्रकार चाले, आणि ज्याबद्दल कळल्यावर गांधीजींना दूध नकोसं झालं, त्याला कलम 12 मध्ये हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. म्हणजे जबर शिक्षा कशी लिहायची ते 1960 च्या संसदेला ठाऊक होतं. फुक्याला हजार आणि बाकी साऱ्या छळाला पन्नास, हा तिचा निर्णय होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून सरकारला या कायद्यापर्यंत ओढत नेलं, त्यांच्या श्रमांना हे फळ. पुढे रुपया घसरत गेला आणि तो निर्णय निव्वळ थट्टा होऊन बसला.

तिसरं उत्तर जास्त ताकदीचं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे ना? पाच वर्षांपर्यंत कैद! आहे. जुन्या दंड संहितेत यासाठी दोन कलमं होती आणि त्यांत जनावराची किंमत पाहिली जाई: दहा रुपयांच्या जनावराला दोन वर्षं, पन्नासच्या वरच्याला पाच. 2024 च्या जुलैपासून ही किंमत गेली, सगळे प्राणी एका पंक्तीत आले, हे चांगलंच झालं. पण कलमाचा पाया बदलला नाही. गुन्हा अजून आगळिकीचा आहे, म्हणजे जनतेचं किंवा कोणा व्यक्तीचं नुकसान करण्याचा. बेवारस कुत्र्याला मारलं तर नुकसान नेमकं कोणाचं, हा प्रश्न बचावाच्या वकिलाला फुकट मिळतो. शिवाय हे कलम लागतं ते ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यालाच. महिनाभर उपाशी ठेवलं, रोज पराणी टोचली, पाठ सोलवटेस्तोवर काम घेतलं आणि जनावर तरीही जगलं, तर आपण पुन्हा कलम 11 वर, पन्नास रुपयांवर. त्यातच नव्या संहितेनं जुनं 377 वगळलं, आणि प्राण्यावरच्या लैंगिक अत्याचाराला होतं नव्हतं ते कलमही त्याबरोबर गेलं.

महाराष्ट्रात तर याहून विचित्र गुंता आहे. 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानुसार बैलाची कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तोच बैल वर्षानुवर्षं कणाकणानं झिजवला तर पन्नास रुपये. पहिल्या कायद्याच्या बाजूनं किंवा विरोधात आज मी काही म्हणत नाही. एवढंच दिसतं की या राज्यात बैलाच्या मरणाला भाव आहे, वेदनेला नाही. ‘तुम्ही मटण खाता आणि आम्हाला दया शिकवता’ हा टोमणाही इथेच निकालात निघावा. खाण्यासाठी मारण्याचा प्रश्न वेगळा. तो सुटेपर्यंत छळाला मोकळीक द्या, असं त्यातून निघत नाही.

आता खरा पूर्वपक्ष, ज्याच्यापुढे मी थबकतो. शिक्षा वाढवली की आत कोण जाईल? बंगल्यात परदेशी कुत्र्यांची पैदास करणारा जाणार नाही. जाईल तो गाडीवान. बीडकडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या तळावर येतो. मजुरी टनावर मिळते, उचल फिटायची असते, म्हणून टायरगाडीवर मोळ्या चढतच जातात आणि चढावर बैल गुडघ्यावर येतो. कामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. बैलानं वजन किती ओढावं ते त्यांत ठरवून दिलंय, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. कागदावर इतकं सुंदर आहे सगळं! हा नियम मोडला म्हणून गाडीवानाला वर्षभर तुरुंगात टाकलं, तर त्याच्या बायकोपोरांवर उचलीचा डोंगर आणि बैल मुकादमाच्या दावणीला. बैलाची मान तेवढीच सुजलेली राहील.

पण या आक्षेपाचं उत्तर शिक्षा पन्नास रुपयांवर ठेवणं हे नाही. कलम 11 नुसता मारणारा हात धरत नाही. जो करवतो त्यालाही धरतं. गाडीवरचा ऊस कारखान्याच्या काट्यावर तोलला जातो, पावती निघते, नोंद होते. रोज ओझ्याचा पुरावा कारखाना स्वतःच लिहून ठेवत असतो. गाडी पुष्कळदा कारखान्याचीच. मग ठरलेल्या वजनावरचा ऊस उतरवून घेणाऱ्याला जबाबदार का धरू नये? पन्नास रुपयांसाठी असा खटला कोणी भरणार नाही. टनामागे जबर दंड ठेवला, तर मोळ्या किती चढवायच्या हे मुकादमच गाडीवानाला सांगेल.

आता माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळतो. छळाचा एखादा व्हिडिओ पसरला की ‘फाशी द्या’ची ओरड सुरू होते. या ओरडीनं कायद्याचं एक अक्षर आजवर बदललेलं नाही. उलट सगळी मागणीच वेडेपणाची ठरवायला विरोधकांना निमित्त मिळालं. दुसरा लाडका युक्तिवाद असा की आज मांजर मारणारा उद्या माणूस मारील. मला तो नको. उद्याच्या गुन्ह्याची शिक्षा आज द्यायची नसते, आणि मांजराचा जीव उद्याच्या माणसाची सूचना म्हणूनच मोलाचा असेल तर आपण पहिल्या उत्तरवाल्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो.

माझं म्हणणं वेगळं आहे. शिक्षा खटल्याच्या शेवटी सुनावतात, पण तिचं काम खटला सुरू होण्याआधीच झालेलं असतं. गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, हे आपल्याकडे मुख्यतः शिक्षेच्या वजनावर ठरतं. मोजके अपवाद सोडले तर कलम 11 चे गुन्हे अदखलपात्र. म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. त्यात घटना घडल्यापासून तीन महिन्यांत खटला भरला नाही तर तो भरताच येत नाही. तोवर जखमा भरलेल्या असतात, जनावर विकलेलं असतं, पशुवैद्यकाचा दाखला कोणी मागितलेलाच नसतो. पन्नास रुपयांच्या गुन्ह्यासाठी हवालदार एक दिवस घालवणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

जिथे तो अपवाद म्हणून दखल घेऊ शकतो, तिथलं चित्रही पाहा. गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयानं 1996 मध्ये बंदी घातली. सासष्टीच्या किनारपट्टीत त्या चोरून चालूच आहेत, पैजांसकट. झुंज भरवणं हा दखलपात्र गुन्हा आहे. दंड? पहिल्यांदा पन्नास रुपयांपर्यंत. आयोजकाच्या दृष्टीनं हा मंडपाच्या भाड्यासारखा एक किरकोळ खर्च.

मग योग्य शिक्षा कोणती? तुरुंग हवाच, पण मुद्दाम, मजा म्हणून किंवा पैशासाठी केलेल्या छळाला. अज्ञान आणि गरिबी यांतून झालेल्या हेळसांडीला नको. केंद्रानं 2022 च्या नोव्हेंबरात दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात भीषण क्रौर्याला पन्नास हजारांपासून दंड आणि एक ते तीन वर्षं कैद होती. मसुद्याचा कायदा झाला नाही. त्याहून मोलाची तरतूद आजच्याच कायद्यात धूळ खात पडली आहे. कलम 29 नुसार दोषी माणसाला काही काळ किंवा कायमचं, कोणतंही जनावर बाळगायला न्यायालय मनाई करू शकतं. ब्रिटननं 2021 मध्ये कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली. पण पुढच्याच वर्षी मांजराला लाथा घालणारा फुटबॉलपटू कुर्ट झूमा तिथल्या कोर्टापुढे आला तेव्हा त्याला तुरुंगात धाडलं नाही. 180 तास समाजसेवा करायला लावली आणि पाच वर्षं मांजर पाळायला बंदी केली. मला हा निकाल पटतो. लाखो पौंड कमावणाऱ्याला पैशाचा दंड म्हणजे काहीच नाही, आणि मांजराच्या दृष्टीनं तो माणूस घरात नसणं हाच न्याय. आपल्या न्याय संहितेनंही शिक्षांच्या यादीत समाजसेवा आणली आहे, फक्त मोजक्या गुन्ह्यांपुरती. त्यांत या गुन्ह्याची भर घालायला कोणती अडचण आहे?

संसदेला सवड नाही म्हणून गप्प बसायचं कारणही महाराष्ट्राला नाही. प्राण्यांवरच्या क्रौर्याला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू करायच्या होत्या तेव्हा राज्यानं 2017 मध्ये याच अधिनियमात स्वतःची दुरुस्ती केली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती उचलून धरली. त्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे घाटात बैलाला इजा झाली तर पाच लाख, आणि शर्यत संपवून घरी नेताना त्याच बैलाला त्याच माणसानं बडवलं तर पन्नास रुपये. विधेयकावर चर्चा झाली त्या दिवशी कलम 11 सगळ्या आमदारांच्या समोरच्याच अधिनियमात होतं. त्यातला आकडा बदलायला आणखी एक ओळ पुरली असती.