कॉलेजच्या पायरीबाहेरचे आईबाप

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व या अरण्यप्रदेशाची पदवीसाठी नागपूर विद्यापीठावर असलेली भिस्त संपली. पण भामरागडकडील माडिया आईबापांस कॉलेज अद्याप दूरच आहे. वैशाखात तेंदूपत्ता तोडून ते मुलास पैसा पुरवितात. पायरी मात्र चढत नाहीत. मुलगाही बोलावीत नाही. खोटे कशास बोलावे, त्यास लाज वाटते, आणि ती आम्हां नगरवासीयांनीच शिकविली! मग नापास झालेला मुलगा घरी कळवीत नाही व एकटाच खचतो. धीर देण्यास का इंग्रजी लागते? पालकसभा तेंदूचा हंगाम टाळून, माडिया जाणणारा दुभाषी ठेवून भरवावी. आणि विद्यार्थ्यांस खोल्या देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी आलेल्या आईबापांस रात्रीपुरती ओसरी द्यावी. तिचे भाडे मागू नये.