आकाश शिंदे बंगळूरला का गेला?

नाशिकला प्रो कबड्डीत स्वतःचा संघ नाही. महाराष्ट्राचे संघ दोन, मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याची पुणेरी पलटण. नाशिकच्या कबड्डीप्रेमींना पलटण जवळची वाटायची त्याला एक ठोस कारण होतं: नाशिकचा आकाश शिंदे तिच्याकडून चढाया करायचा. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताने अंतिम सामन्यात इराणला 33-29 असं हरवलं. वादामुळे जवळपास तासभर थांबलेल्या त्या सामन्यानंतर सुवर्णपदक गळ्यात पडलेल्या भारतीय संघात आकाश होता. पलटणमधला त्याचा साथीदार, नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदारही होता.

2025 च्या उन्हाळ्यात मुंबईत लिलाव झाला आणि अर्ध्या कोटीहून अधिक बोली लावून बंगळूर बुल्सने आकाशला नेलं. पलटणने त्याआधीच त्याला मोकळं केलं होतं.

असं काही घडलं की कट्ट्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, घरचा पोरगा सोडायचाच नव्हता. दुसरा म्हणतो, भावनेवर संघ बांधता येत नाही, अस्लम आहे, मोहित गोयत आहे, पंकज मोहिते आहे, मग चौथ्या चढाईपटूवर पैसा का अडकवायचा? दोघांकडे आकडे असतात, दोघांना सामने पाठ असतात. हा वाद फावल्या वेळेचा चाळा समजून सोडून देणं चूक आहे. संघावर जीव असल्याशिवाय कोणी पंचविसातल्या विसाव्या खेळाडूसाठी भांडत नाही. अडचण एवढीच की हे भांडण बहुतेक वेळा प्रशिक्षक आणि मालक यांच्यापाशी येऊन थांबतं. ज्या नियमामुळे त्यांच्यावर ही निवड करायची वेळ येते, त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

पलटणचा अलीकडचा इतिहास यासाठी तपशिलात पाहण्यासारखा आहे.

एशियाडचा तो अंतिम सामना संपून दोन-तीन दिवस होतात न होतात तोच मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. इराणच्या संघातून भारताविरुद्ध खेळलेला डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याच्यावर पलटणने 2 कोटी 35 लाख रुपये लावले. परदेशी खेळाडूसाठी तोवर एवढी बोली कोणी लावली नव्हती. त्या हंगामात त्याने पकडींचे 99 गुण मिळवले आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं नमवून पहिलं विजेतेपद पटकावलं. अस्लम कर्णधार होता आणि हंगामातला सर्वाधिक मोलाचा खेळाडूही तोच.

पुढच्या लिलावाआधी शादलुईला सोडण्यात आलं. ऑगस्ट 2024 मध्ये त्याला 2 कोटी 7 लाखांना विकत घेतलं ते हरियाणा स्टीलर्सने, म्हणजे ज्यांना त्याने पाच महिन्यांपूर्वी अंतिम सामन्यात रोखलं होतं त्यांनीच. अकराव्या हंगामात पलटण बाद फेरीपर्यंतही गेली नाही. अस्लमची दुखापत हे त्यामागचं मोठं कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. हरियाणाने मात्र 29 डिसेंबर 2024 ला पाटणा पायरेट्सला 32-23 हरवून चषक उचलला, आणि तो सामना झाला बालेवाडीत. पुण्याच्या प्रेक्षकांनी स्वतःच्या गावात, स्वतःच्या संघाने सोडलेल्या माणसाला विजेतेपद मिळवताना पाहिलं. हंगामाचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू म्हणूनही त्याचंच नाव जाहीर झालं.

तेव्हा ज्यांनी पलटणच्या व्यवस्थापनाला दोष दिला त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण बेरीज-वजाबाकी करून पाहिली तर चित्र बदलतं. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला 5 कोटींची मर्यादा आहे आणि तेवढ्यात किमान 18 खेळाडू बसवावे लागतात. 2 कोटी 35 लाख म्हणजे या थैलीतला 47 टक्के हिस्सा एकट्या कोपऱ्यासाठी. विजेतेपद मिळालं की बाकीच्या पोरांचाही भाव वाढतो, तोही याच 5 कोटींतून द्यायचा. म्हणजे शादलुईला ठेवलं असतं, तर दुसऱ्या बाजूने अस्लम, मोहित, पंकज, गौरव खत्री, अबिनेश नादराजन यांच्यापैकी कोणाची नावं गळली असती याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. कट्ट्यावर हे उत्तर क्वचितच कोणी देतं.

आणि 2025 मध्ये काय झालं? शादलुई नाही, आकाश नाही, तरी पलटण थेट अंतिम सामन्यात पोहोचली. ज्यांनी व्यवस्थापनाची बाजू घेतली होती त्यांना बोलायला जागा मिळाली. मग 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीने 31-28 असा विजय मिळवला. त्या दिल्लीच्या बचावात फझल अत्राचली होता. 2022 मध्ये पलटणने 1 कोटी 38 लाखांना घेतलेला, त्याच वर्षी कर्णधार म्हणून संघाला पहिल्यांदा अंतिम सामन्यापर्यंत नेलेला आणि मग सोडून दिलेला फझल. तीन गुणांनी चषक हुकला. कोण बरोबर होतं, याचा निकाल अशा सामन्यांतून लागत नाही. सोडलेला खेळाडू पुढच्या वर्षी चमकला म्हणून निर्णय चुकला असं होत नाही, आणि त्याच्याविना संघ जिंकला म्हणून तो बरोबरही ठरत नाही.

फुटबॉलवेड्या नाशिककरांना हाच पेच दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. शनिवार-रविवारी रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहणाऱ्या पोरांना विचारावं, चेल्सीने मेसन माउंटला का विकलं? सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला हा मुलगा. 2021 ची चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा अंतिम सामन्यातला गोल त्याच्याच पासवर झाला. 2023 मध्ये तो साडेपाच कोटी पाउंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला. पुढच्या वर्षी लहानपणापासून चेल्सीत असलेला कॉनर गॅलाघर अॅटलेटिको माद्रिदला गेला. यामागे हिशेबाचा एक नियम आहे. बाहेरून विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्चात धरतात, त्यामुळे त्याला विकताना उरलेली किंमत वजा होते. अकादमीतल्या मुलाची खरेदी किंमतच शून्य, म्हणून त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या इंग्लिश नियमांत बसायचं तर घरचा मुलगा विकणं सर्वात सोयीचं. नियम करणाऱ्यांचा हेतू क्लब दिवाळखोरीत जाऊ नयेत हा होता. परिणाम मात्र असा झाला की ज्याच्यावर प्रेक्षकांचा सर्वाधिक जीव, तोच आधी बाजारात उभा राहतो.

बार्सिलोनात तर क्लबचा अध्यक्ष सभासद मतदानाने निवडतात. मार्च 2021 मध्ये त्यांनी जोआन लापोर्ता यांना निवडून दिलं, आणि लिओनेल मेस्सीला ते टिकवून ठेवतील हा त्या निवडणुकीतला मोठा विश्वास होता. मेस्सीलाही राहायचं होतं. तरी ऑगस्टमध्ये तो गेला, कारण कर्जात बुडालेल्या क्लबला ला लीगाच्या पगारमर्यादेत त्याचा करार नोंदवता येईना. चाहत्यांना हवा, अध्यक्षाला हवा, खेळाडूला हवं, आणि तरीही नाही. नियमाचं वजन किती असतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

कबड्डीत तर फुटबॉलइतकीही भरपाई नाही. फुटबॉल क्लबने करारातला खेळाडू दिला तर निदान त्याची किंमत क्लबला मिळते. क्रिकेटमध्येही अदलाबदल होते: नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजाला राजस्थानकडे दिलं ते संजू सॅमसनच्या बदल्यात. प्रो कबड्डीच्या लिलावात लागलेली बोली हे खेळाडूचं मानधन असतं, त्याला घडवणाऱ्या संघाला त्यातलं काही मिळत नाही. मिळते ती फक्त थैलीत मोकळी झालेली जागा. जुन्या संघाला शेवटच्या बोलीची बरोबरी करून खेळाडू परत घेता येतो खरा, पण ते पैसेही त्याच 5 कोटींतून.

मुंबईकरांनी हे आधीच भोगलं आहे. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये 36 लाख 40 हजारांना यू मुंबाकडे आला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण घेऊन गेला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. त्याच्या आधी, 2015 चं विजेतेपद जिंकून देणारा कर्णधार अनुप कुमारही यू मुंबातून जयपूरला गेला होता. सिद्धार्थला मिळालेला पैसा त्याच्या हक्काचा होता. गुडघा एकदा गेला की चढाईपटूची कमाई थांबते. चार-पाच वर्षांत जे मिळेल ते मिळवणाऱ्या खेळाडूला निष्ठेचे धडे कोणी देऊ नयेत. प्रश्न त्या संघाचा आहे, ज्याने मुलगा हेरला, खेळवला, आणि तो मोठा झाल्यावर ज्याच्या हातात काहीच राहिलं नाही.

कोल्हापूरच्या फुटबॉलकडे पाहिलं की दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ यांच्या पाठीराख्यांतही हंगामाआधी हाच वाद रंगतो. कोणाला राखायचं, समोरच्या तालमीतून कोणाला आणायचं, आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूवर किती खर्च करायचा आणि पेठेतल्या पोराला बाकावर किती बसवायचं. पण तिथे निर्णय घेणारे पदाधिकारी त्याच गल्लीत राहतात. सामना हरल्यावर त्यांना शाहू स्टेडियमच्या दारात किंवा तालमीच्या पायरीवर लोक गाठतात आणि जाब विचारतात. तो जाब कधी फार चढ्या आवाजात असतो, त्यातून मारामाऱ्याही झाल्या आहेत, आणि त्या वाईटच. तरी विचारणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना ओळखतात. फ्रँचायझीच्या संघात ही वाट बंद आहे. खेळाडूंची यादी येते, सोबत एक चकचकीत छायाचित्र येतं, कारण बहुधा येत नाही.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर करायला हवी.

पहिली संघांकडे. हंगामाआधी ज्याला सोडलं, त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात: दुखापत, मानधन, खेळाडूची स्वतःची इच्छा, संघाची गरज, जे असेल ते. यात एक रुपयाही खर्च नाही.

दुसरी मागणी लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सकडे. प्रत्येक संघाला असे दोन खेळाडू राखू द्यावेत, जे संघाच्याच राज्यातले आहेत, नवोदित म्हणून तिथेच आले आहेत आणि सलग तीन हंगाम तिथेच खेळले आहेत. त्यांचं मानधन 5 कोटींच्या बाहेर धरावं. यात नवं काही नाही. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये क्लबच्या अकादमीतून आलेल्या खेळाडूंसाठी पगारमर्यादेत अशी सवलत आहे. युरोपच्या स्पर्धांत 25 जणांच्या यादीतल्या 8 जागा देशात किंवा क्लबमध्ये घडलेल्यांसाठी राखीव आहेत, त्यातल्या 4 क्लबमध्येच घडलेल्यांसाठी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कबड्डीपटूंची सर्वात मोठी खाण हरियाणात आहे. घरच्या खेळाडूंना सवलत दिली तर हरियाणा स्टीलर्स सगळ्यांच्या पुढे जाईल. त्यासाठीच ती दोन जागांपुरती हवी. दोनच जागा असल्या की हरियाणाला डझनभर गुणी मुलांतून दोघेच निवडावे लागतील आणि बाकीचे लिलावात येतीलच. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. संघ ही जागा वापरून मुलाला स्वस्तात बांधून ठेवतील. म्हणून तिला मानधनाचा किमान आकडा जोडावा, आणि तो लिलावातल्या सर्वात वरच्या गटाच्या 30 लाखांच्या पायाभूत किमतीपेक्षा बराच वर असावा. खेळाडूची लेखी संमती नसेल तर त्याला या जागेवर धरता येऊ नये. आकाशला बंगळूरला जायचंच असेल, तर त्याला जाता आलं पाहिजे.

अशी सोय असती तर 2025 मध्ये अस्लम आणि आकाश, ही नगर-नाशिकची जोडी, थैलीला हात न लावता पलटणमध्ये राहू शकली असती. मग आकाश संघात बसतो की नाही, हा वाद त्याच्या खेळावर झाला असता: तिसऱ्या चढाईला तो हवा की पंकज, बोनस रेषेवर कोण भरवशाचा. पुढच्या याद्या जाहीर होण्याआधी पलटणच्या आणि यू मुंबाच्या व्यवस्थापनाने नाशिकला यावं, इथल्या मंडळांसमोर बसावं आणि हा प्रस्ताव लीगपुढे मांडणार का, याचं उत्तर द्यावं.